मुंबई ते न्यू यॉर्क: अंतर एकच, मग तास वेगवेगळे का?

माझी आई न्यू जर्सीला ताईकडे पहिल्यांदा निघाली, तेव्हा तिने प्रवासाच्या वहीत पहिल्याच पानावर दोन ओळी लिहून घेतल्या होत्या: ‘जाताना १६ तास. येताना साडेचौदा.’ त्या ओळींखाली पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह होते. तिचे म्हणणे असे की, पुण्याहून कोल्हापूरला जायला जेवढा वेळ लागतो साधारण तेवढाच परत यायला लागतो. मग विमानाच्या बाबतीत हा दीड तास जातो कुठे? तेव्हा मला तिला नीट उत्तर देता आले नाही आणि ती गोष्ट मनाला लागून राहिली.

पुढे एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून अमेरिकेला थेट जाणाऱ्या विमानांचे तास वाढले आणि त्यांतली काही विमाने इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरू लागली. तेव्हा हाच प्रश्न अनेक घरांत विचारला गेला. दिल्ली जागची हलली नव्हती, अमेरिकाही नाही. मग प्रवास लांबला कसा? ज्यांची मुले-नातवंडे साता समुद्रापार आहेत, त्यांच्यासाठी हा प्रश्न कुतूहलापुरता राहत नाही. म्हणून मुंबई ते न्यू यॉर्क हे एकच उदाहरण घेऊन तो मुळापासून पाहू.

अंतर म्हणजे नेमके कोणते अंतर?

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि न्यू यॉर्कचा केनेडी विमानतळ यांच्यातले सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. इंटरनेटवर शोधले तर यापेक्षा थोडे वेगळे आकडेही दिसतात, पण त्यात कोणाची चूक असतेच असे नाही. कोणी विमानतळापासून मोजतो, कोणी शहराच्या मध्यापासून. कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरतो, तर कोणी ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे हिशेबात घेतो. वैमानिक आणि खलाशी तर किलोमीटर वापरतच नाहीत. ते सागरी मैल मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून हेच अंतर त्यांच्या कागदावर ६,७६७ च्या आसपास दिसते.

हे अंतर जमिनीलगतचे आहे आणि विमान तर दहा-अकरा किलोमीटर उंचावरून जाते, मग ते वाढत नाही का? वाढते, पण नगण्य. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर असल्यामुळे तिच्यापुढे अकरा किलोमीटर म्हणजे नारळाच्या करवंटीवर चढवलेला रंगाचा एक हात. संपूर्ण प्रवासात त्याने वीस-बावीस किलोमीटरची, म्हणजे जेमतेम दीड मिनिटाची भर पडते.

नकाशावरची सरळ रेघ प्रत्यक्षात लांबची का ठरते?

विमानातल्या समोरच्या पडद्यावर आपला मार्ग दिसतो, तेव्हा बहुतेकांना पहिली शंका येते ती इथे. न्यू यॉर्क मुंबईच्या पश्चिमेला आहे, मग विमान उत्तरेकडे का तोंड करते? हा लांबचा फेरा कशासाठी?

याचे उत्तर आईला मी घरच्या पृथ्वीगोलावर दाखवले, आणि कोणालाही ते पाच मिनिटांत पाहता येईल. शिवणाच्या डब्यातला दोरा घ्यावा, त्याचे एक टोक मुंबईवर बोटाने दाबून धरावे, दुसरे न्यू यॉर्कवर ठेवावे आणि दोरा ताणावा. दोरा अरबस्तानावरून पश्चिमेला जात नाही. तो आपोआप वर सरकतो. सौराष्ट्र, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग आणि रशिया ओलांडून तो सेंट पीटर्सबर्गच्या जवळून स्कँडिनेव्हियात शिरतो, नॉर्वेचे ट्रॉन्डहाइम गाठतो, आइसलँडवरून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकापाशी येतो आणि कॅनडातून खाली न्यू यॉर्कला उतरतो. ताणलेला दोरा नेहमी सर्वांत जवळची वाट पकडतो, कारण जास्तीची लांबी त्यात उरतच नाही.

या वाटेला भूगोलात बृहद्‌वृत्ताचा मार्ग म्हणतात. गोलाला अगदी मधोमध कापणारे वर्तुळ म्हणजे बृहद्‌वृत्त. शाळेत आपण विषुववृत्ताला बृहद्‌वृत्त म्हणायला शिकतो, पण अशी वर्तुळे गोलावर हवी तितकी काढता येतात, आणि कोणत्याही दोन ठिकाणांमधली जवळची वाट त्यांच्यापैकी एकावरच असते.

मग भिंतीवरच्या नकाशात ही वाट वाकडी का दिसते? कारण वाकडा असतो तो नकाशा. मोसंब्याची साल न फाडता टेबलावर सपाट पसरता येत नाही. पसरायचीच तर ती कुठेतरी ताणावी लागते. आपल्याला सवयीचा असलेला जगाचा नकाशा १५६९ मध्ये मर्केटरने जहाजांच्या सोयीसाठी आखलेल्या पद्धतीचा असतो, आणि त्यात ध्रुवांकडचे प्रदेश भलतेच ताणले जातात. म्हणूनच त्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट मोठी आहे. या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते न्यू यॉर्क सरळ रेघ मारली, तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आणि मोरोक्कोवरून अटलांटिकमध्ये जाते. दिसायला सरळ असलेल्या त्या रेघेची खरी लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. म्हणजे ‘सरळ’ जाण्याच्या हट्टापायी जवळजवळ १,७०० किलोमीटर जास्त उडावे लागेल आणि दोन तासांच्या आसपास वेळ वाया जाईल.

हाच नियम पुढे नेला तर ध्रुवावरून जाणारी विमानेही समजतात. बंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्को ही शहरे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंच्या रेखावृत्तांवर आहेत, त्यामुळे त्यांच्यातली जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाते. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला याच वाटेने विमान आणले, तेव्हा या मार्गाची आपल्याकडे बरीच चर्चा झाली होती. दोन शहरांमधले ते अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आहे.

जाताना जास्त तास का? उत्तर वाऱ्यात आहे

आता आईच्या प्रश्नचिन्हाकडे येऊ. कोकणातल्या खाडीत होडी चालवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. भरतीच्या पाण्याबरोबर आत शिरताना वल्ही नुसती टेकवली तरी गाव येते. ओहोटीच्या विरुद्ध तेच अंतर कापताना दंड भरून येतात. होडी तीच आणि जोरही तोच, फक्त खालचे पाणी चाललेले असते.

विमानाचे पाणी म्हणजे हवा. मोठे प्रवासी विमान भोवतालच्या हवेच्या तुलनेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते, पण ती हवा स्वतःच सरकत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग बदलतो. पृथ्वीच्या मध्य अक्षांशांत, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा असतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. त्याचा वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर सहज असतो, आणि हिवाळ्यात तो आणखी वाढतो. न्यू यॉर्कला जाताना हा वारा बऱ्याचदा तोंडावर येतो, आणि परतताना तो पाठीशी असतो.

या वाऱ्याच्या शोधाची हकीकत मला फार जवळची वाटते. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून उंचावरचे वारे मोजले, आणि त्यांना थक्क करणारे वेग आढळले. जगभरच्या अभ्यासकांना वाचता यावे म्हणून त्यांनी आपला अहवाल १९२६ मध्ये एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. पण ती भाषा वाचणारे थोडेच असल्यामुळे या शोधाकडे जगाचे फारसे लक्ष गेले नाही. पुढे १९४४ मध्ये जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना याच वाऱ्याने हैराण केले, तेव्हा त्याचे महत्त्व सर्वांना कळले.

एक साधा हिशेब करू. प्रत्यक्ष मार्ग सरासरी १३,००० किलोमीटरचा धरू आणि समोरचा वारा सगळ्या प्रवासात सरासरी ताशी ५० किलोमीटरचा. जाताना जमिनीवरचा वेग ८५० होतो आणि १५ तास १८ मिनिटे लागतात. येताना वेग ९५० होतो आणि १३ तास ४१ मिनिटे पुरतात. धावपट्टीपर्यंतचे रांगणे, चढणे आणि उतरण्याआधीच्या घिरट्या यांची भर दोन्हीकडे घातली की आईच्या वहीतले आकडे जवळजवळ जसेच्या तसे मिळतात. तिकिटावरचा वेळ हा विमान फलाटावरून निघाल्यापासून दुसऱ्या फलाटाला लागेपर्यंतचा असतो, केवळ हवेतला नसतो.

वारा किती मदत करू शकतो याचे टोकाचे उदाहरण ९ फेब्रुवारी २०२० चे आहे. त्या दिवशी अटलांटिकवर सियारा नावाचे वादळ होते आणि ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी त्या प्रवासाला सहा तासांहून अधिक लागतात.

पण जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतोच ना?

असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तसे होत नाही. समोरचा वारा ताशी १०० किलोमीटर धरला, तर जाताना सव्वासोळा तास लागतात आणि येताना तेरा. वारा नसता तर प्रत्येक वेळी सुमारे १४ तास २७ मिनिटे लागली असती. म्हणजे जाताना १ तास ४८ मिनिटे गेली आणि येताना १ तास २७ मिनिटेच परत मिळाली. कारण असे की, त्रास देणाऱ्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते आणि मदत करणाऱ्या वाऱ्यातून लवकर बाहेर पडते. म्हणूनच वैमानिक आणि मार्ग आखणारे कर्मचारी रोज वाऱ्याचा नवा अंदाज घेऊन मार्ग ठरवतात. दोनशे किलोमीटरचा वळसा घेऊन समोरचा वारा टळत असेल, तर लांबची वाट लवकर पोहोचवते.

पृथ्वी फिरते, मग विमान वर थांबले तर अमेरिका खाली येणार नाही का?

हा प्रश्न मुले हमखास विचारतात आणि मोठ्यांच्याही मनात तो असतो. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते आहे. मात्र तिच्याबरोबर हवाही फिरते, आणि उड्डाणापूर्वी धावपट्टीवर उभे असलेले विमानही त्याच वेगाने फिरत असते. धावत्या लोकलच्या डब्यात चेंडू वर उडवला तर तो मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, आपल्याच हातात येतो. तसेच हे आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवासावर परिणाम होतो तो वाऱ्यांच्या मार्फत, कारण जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो त्यामागे हे फिरणे आणि विषुववृत्त व ध्रुव यांच्या तापमानातला फरक ही दोन कारणे आहेत.

जवळची वाट मोकळी असेलच असे नाही

आता दोऱ्याची वाट पुन्हा आठवा: सिंध, अफगाणिस्तान, रशिया. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण सत्ता असते. त्यावरून जायचे तर परवानगी लागते, शुल्क द्यावे लागते, आणि तो देश ती परवानगी काढून घेऊ शकतो. म्हणून आकाशात रस्ते नसले तरी फाटके पुष्कळ आहेत.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैच्या मध्यापर्यंत पूर्णपणे उघडले नाही. त्या काळात एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोप-अमेरिकेने रशियन विमानांना आणि रशियाने त्यांच्या विमानांना दारे लावली. भारतीय कंपन्यांना मात्र रशियावरून जाता येत राहिले. एप्रिल २०२५ ची बंदी यानंतरची. त्याच वर्षी जूनमध्ये इस्राएल आणि इराण यांच्यातला संघर्ष पेटला आणि इराणचे आकाशही काही काळ बंद झाले.

पाकिस्तानच्या बंदीची झळ मुंबईपेक्षा दिल्लीला जास्त का बसली, हे नकाशा पाहिला की कळते. मुंबईहून निघालेले विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूला जाऊ शकते. दिल्लीच्या पश्चिमेला पाकिस्तान आहे आणि उत्तरेला हिमालय व तिबेट. तिबेटवरून का जात नाहीत, असे कोणी विचारेल. प्रवासी कक्षातला हवेचा दाब अचानक गेला, तर विमानाला काही मिनिटांत सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते, कारण डोक्यावरून लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच त्याहून खूप जास्त आहे. तिथे खाली यायला जागाच नाही. त्यामुळे दिल्लीच्या विमानांना आधी दक्षिणेकडे गुजरातच्या दिशेने यावे लागते आणि मग पश्चिमेला वळावे लागते. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, तेव्हा विमानांच्या कमतरतेबरोबरच हे बंद आकाश हेही कारण दिले होते.

एक-दीड तास वाढला तर एवढे काय बिघडते?

बिघडते ते वजनात. सह्याद्रीत मोठ्या ट्रेकला जाताना वाटेत पाणी नसेल तर दोन बाटल्या जास्त घ्याव्या लागतात, आणि त्या बाटल्यांच्या ओझ्यामुळे तहानही जास्त लागते. विमानाचेही असेच असते. बोइंग ७७७-३००ईआर हे विमान उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त सुमारे ३५१ टन वजनाचे असू शकते आणि त्याच्या टाक्यांत सुमारे १४५ टन इंधन मावते. एक तास जास्त उडायचे तर अंदाजे सात ते आठ टन इंधन जास्त लागते, आणि ते शेवटपर्यंत वाहून नेण्यासाठी आधीपासूनच अधिक इंधन जळते. वजनाची मर्यादा गाठली की एकतर प्रवासी आणि सामान कमी करावे लागते, नाहीतर वाटेत उतरून इंधन भरावे लागते. एका थांब्याने वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादाही ओलांडली जाऊ शकते, म्हणून जादा वैमानिक लागतात. तिकिटाचा दर वाढतो तो या सगळ्यामुळे.

मग विमान जास्त वेगाने का उडवत नाहीत? त्या उंचीवरच्या उणे ५६ अंशांच्या थंडीत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. त्याच्या जवळ जाऊ लागले की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि इंधनाचा खर्च आवाक्याबाहेर जातो. काँकॉर्ड हे विमान १९७६ ते २००३ ध्वनीच्या दुप्पट वेगाने प्रवासी नेत होते, पण इंधनाच्या एका भरणीत ते सुमारे ७,२०० किलोमीटरच जाऊ शकत असे. मुंबई-न्यू यॉर्क त्याच्या पल्ल्यात नव्हतेच. एअर इंडियाने मे १९६० मध्ये बोइंग ७०७ ने न्यू यॉर्कची सेवा सुरू केली, तेव्हाचा हवेतला वेग आणि आजचा वेग यांत फारसा फरक नाही. थांबे मात्र गेले: ऑगस्ट २००७ मध्ये मुंबई-न्यू यॉर्क विनाथांबा सेवा सुरू झाली.

घड्याळाचे कोडे

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या शहराच्या असतात, आणि इथे भले भले गोंधळतात. भारत न्यू यॉर्कच्या हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो, कारण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. आपल्याला हे विचित्र वाटते खरे, पण मुंबईनेही १९५५ पर्यंत ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ राखली होती.

समजा, उन्हाळ्यात विमान मुंबईहून रात्री दीडला निघाले आणि न्यू यॉर्कला सकाळी आठला पोहोचले. घड्याळात साडेसहा तास दिसतात. त्यात साडेनऊ मिळवले की खरे १६ तास मिळतात. परतताना तिथून दुपारी साडेबाराला निघाले आणि साडेचौदा तास लागले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच वाजलेले असतात. घड्याळाने पूर्ण एक दिवस खाल्लेला दिसतो, प्रवास मात्र साडेचौदा तासांचाच होतो.

हा हिशेब वयस्कर प्रवाशांसाठी करून ठेवावा असे मला कळकळीने वाटते, विशेषतः ज्यांची औषधे ठरावीक तासांनी असतात त्यांच्यासाठी. डॉक्टरांना विचारताना ‘सकाळी आठला पोहोचणार’ असे सांगू नये, ‘निघाल्यापासून सोळा तास विमानात’ असे सांगावे. आईच्या रक्तदाबाच्या गोळीसाठी आम्ही तिच्या वहीत तीन रकाने आखले: मुंबईची वेळ, तिकडची वेळ आणि निघाल्यापासूनचे तास. पहिल्या पानावरचे प्रश्नचिन्ह तिने खोडले आणि त्याच्या शेजारी लिहिले, ‘येताना वारा पाठीशी’. मनगटावरचे घड्याळ तिने उतरेपर्यंत मुंबईच्याच वेळेवर ठेवले, आणि ताईच्या घरी पोहोचल्यावर ते ताईकडून लावून घेतले.